राणी खिल्लारेंच्या डब्या

हिंगोलीकडचं पुसेगाव मागं पडलं की डांबर संपतं. त्या पुढच्या गावात जीप शिरली की पारावरून आवाज येतो, "जंतावाली बाई आली." जीप पुढं गेली की याहून रोखठोक नाव घेतात. तेही डॉ. राणी खिल्लारेंना ठाऊक आहे. सुरुवातीला राग यायचा. आता यायचा बंद झालाय, तसं बरंच काही बंद झालंय.

डॉक्टर म्हटलं की लोक गुडघे पुढं करतात. राणीताई सांगून थकल्या की मी औषधाची डॉक्टर नव्हे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, माझा विषय माणसाच्या पोटातले जंत. त्यातही एकच, अंकुशकृमी. ओल्या मातीतून अनवाणी पायात घुसतो, फिरत फिरत आतड्यात जातो, तिथं दात रोवून रक्त पीत बसतो. माणूस मरत नाही, नुसता पांढरा पडत जातो. म्हणून तर या रोगाकडं कुणी बघत नाही. ज्यानं माणूस पटकन मरत नाही त्यावर पैसे कोण लावणार?

त्यांनी आयुष्य लावलं. शिरड शहापूरच्या रानात त्यांची आई हळद काढायला जायची. पायाला चिखल, ओठांना रंग नाही, चढ चढली की धाप. लोक म्हणत, सोनाजीची बायको कामचुकार आहे. राणीनं औरंगाबादला एमएस्सी करताना पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ते अंडं पाहिलं, पातळ कवचाचं, आत साबुदाण्यासारखे चार दाणे, आणि आईच्या ओठांचा हिशेब लागला. तोवर आई गेली होती.

पुढं पीएच.डी.साठी त्या याच गावांत आल्या. दारोदार प्लॅस्टिकच्या डब्या वाटल्या. परक्याच्या दारात सकाळी उभं राहून "तुमची संडास द्या" म्हणायचं, याचं शिक्षण कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही. पण डब्या भरून आल्या, आणि त्यातून त्यांना जन्मभर पुरेल अशी एक गोष्ट हाती लागली. हळदीच्या रानातल्या बायांच्या पोटात लेकरांइतकेच जंत आहेत. तोवर सगळ्यांचं लक्ष शाळेतल्या पोरांवर होतं. हा निष्कर्ष छापून आला, त्यावर त्या पुण्याला बोलल्या, दिल्लीला बोलल्या, त्याच्याच जोरावर पुढच्या पाहण्यांना पैसे मिळवले. बायांनाही गोळी द्या, बायांनाही गोळी द्या, हे सांगताना त्यांचे केस पांढरे झाले.

आता पुढच्या वर्षी निवृत्ती. ही शेवटची पाहणी. गोळी अजून लागू पडते का, एवढाच प्रश्न. आधी डब्या तपासायच्या, मग गोळी द्यायची, तीन आठवड्यांनी पुन्हा डब्या.

अंकुशकृमीची अंडी काचेवर फार वेळ टिकत नाहीत, तासाभरात विरघळून जातात. म्हणून सूक्ष्मदर्शक गावातच आणावा लागतो. त्या सकाळी दुसऱ्या फेरीच्या डब्या आल्या होत्या, आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीत टेबल मांडलं होतं. प्रमोद काचा तयार करत होता; पहिल्या फेरीच्या त्यानं एकट्यानंच पाहिल्या होत्या. हा त्यांचा प्रयोगशाळेतला सहायक, दोन पोरींचा बाप, नाकाला रुमाल न बांधता काम करणारा जिल्ह्यातला बहुधा एकमेव माणूस.

"मॅडम, तातेरावच्या घरचे पाचही पॉझिटिव्ह. गोळी देऊनही."

"तुला आनंद झालाय का?"

"आनंद न्हाई. पण पेपर तर होतो ना. गोळी निकामी होऊन राहिली म्हणल्यावर परदेशातून फोन येतील तुम्हाला."

राणीताईंनी पहिली काच सरकवली. अंकुशकृमीची अंडी होती. शेजारी आणखी एक अंडं होतं, गोल, आत पुन्हा गोल, मधल्या जागेत केसासारखे धागे. बुटका फीतकृमी. तो बहुधा लहान लेकरांत सापडतो. त्यांनी दुसरी काच घेतली. तेच दोन्ही. तिसरी, चौथी, पाचवी.

"प्रमोद, तातेरावचं वय काय?"

"साठीच्या पुढं असतील."

"आणि त्याच्या पोटात लहान लेकराचा जंत. रुक्माबाईच्याही. सुनेच्याही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ही पाच माणसं न्हाईत. एकच आहे."

प्रमोदनं काचांकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "मॅडम, नका जाऊ विचारायला. ऊन लई आहे."

त्या गेल्या.

तातेरावांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. रुक्माबाई फावड्यानं ती हलवत होत्या. सून वैष्णवी चुलीपाशी होती, आणि तिची चार वर्षांची आरू हळदीच्या गड्ड्यांची माणसं करून त्यांची लग्नं लावत होती.

"या मॅडम. चहा टाक ग."

"चहा नंतर, मावशी. डब्या कुणी भरल्या?"

"सूनबाईनं, दोन्ही खेपेला. काहून? कमी पडलं का?"

"कमी न्हाई पडलं. बराबर पडलं. पाचही डब्यांत अगदी सारखंच निघालं."

वैष्णवीनं पदर डोक्यावर ओढला. "आत्यानंच सांगितलं."

"मी काय सांगितलं? मी म्हनलं, आवर लवकर, गाडी येती."

"आत्या, तुमी म्हनल्या, मामंजीच्या हातात डबी देऊन काय सांगू, लेकराचं घाल सगळ्यांत."

रुक्माबाईंनी फावडं भिंतीला टेकवलं. चोरी पकडल्याचा भाव चेहऱ्यावर नव्हता, उलट समजूत घालायच्या सुरात त्या म्हणाल्या, "मॅडम, लेकराचं कुठं घाण असतं? मोठ्या मानसाचं तसं न्हाई. तुमी एवढ्या शिकल्या-सवरल्या, तुमच्या हातात आमी आमचं द्यावं, बरं दिसतं का? आमी तर तुमचीच इज्जत राखली."

राणीताई वाळत्या हळदीच्या कडेला पोत्यावर बसल्या.

"अन् गोळी?"

"गोळी आमी चौघांनी खाल्ली, चावून. तुमच्या मानसासमोर." वैष्णवी म्हणाली. "आरूनं तेवढी थुकली. कडू लागली म्हनं. मी पदराला पुसली."

म्हणजे गोळी निकामी झालेली नव्हती. जिच्या पोटात जंत होते, तिच्या पोटात गोळीच गेली नव्हती. परदेशातला फोन तिथंच संपला. त्याचं राणीताईंना फार वाईट वाटलं नाही. पण दुसरा एक प्रश्न होता. तो त्यांनी आरूकडं बघत विचारला.

"मावशी, लई वर्षांखाली मी आले होते. तुमच्याच दारात. तवा डब्या कशा भरल्या?"

रुक्माबाईंनी आठवून पाहिलं. "तवा हिचा नवरा, माझा सोमेश्वर, लहान होता."

"त्याचंच?"

"मंग? आमी जावा-जावांनी वाटून घेतलं. सगळ्या आळीनं तसंच केलं. तुमच्या डब्या रिकाम्या जाऊ दिल्या न्हाईत आमी."

बायांत लेकरांइतकेच जंत. असणारच. ते लेकरांचेच होते.

आरूनं एक नवरदेव राणीताईंच्या पायापाशी आणून ठेवला. त्यांची नजर वैष्णवीच्या नखांवर गेली, पांढरी, कवडीसारखी. ओठ तसेच. ही पोरगी पांढरी का आहे, हे वीस-बावीस वर्षं अभ्यास करून त्यांना सांगता येत नव्हतं.

"उद्या सकाळी मला तुझं पाहिजे. फक्त तुझं. अन् मावशी, तुमचं."

"अवो मॅडम, तुमाला किळस..."

"किळस आली असती तर इतकी वर्षं भाकरी कशावर खाल्ली असती?"

"शी. भाकरीचं नाव तरी नका घेऊ," रुक्माबाई म्हणाल्या, आणि हसल्या. सासू हसली म्हणून सूनही हसली.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी स्वतः चालत उपकेंद्रात आली. पदराखाली दोन डब्या, मान खाली. तातेराव पारावर बसले होते म्हणून ती मागच्या वाटेनं आली होती. राणीताईंनी काचा प्रमोदला दिल्या नाहीत, स्वतः केल्या. वैष्णवी दाराला टेकून बघत राहिली.

एकही अंडं नाही. दोघींच्याही काचेत.

"घ्या," प्रमोद म्हणाला. "गोळी लागू पडली."

"किंवा आधीपासून काही नव्हतंच."

"मग कसं कळायचं?"

"आता न्हाई कळायचं. गोळी देऊन बसलोय."

प्रमोदनं काचा जंतुनाशकात बुडवल्या. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, एक बोलू का. हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक न्हाई. वर्षभरानं तुमी घरी बसणार. जुनं छापलेलं ऱ्हाऊ द्या. त्याच्यामुळं बायांना गोळ्या भेटल्या, वाईट काय झालं?"

"हिला ठाऊक आहे," त्या वैष्णवीकडं बघून म्हणाल्या. "अन् ही पांढरी काहून आहे ते मला ठाऊक न्हाई."

वैष्णवीला यातलं अर्धंच समजलं. "मॅडम, माझं चांगलं निघालं का?"

"चांगलं निघालं."

"मग तुमी तोंड काहून पाडून राहिल्या?"

राणीताईंनी तिला हिंगोलीला रक्त तपासायला कधी जायचं, तिथं कुणाला भेटायचं, हे सांगितलं. आरूसाठी गोळी कुटून गुळात घालून दिली, फीतकृमीचं औषध दवाखान्यातून घ्यायला सांगितलं. वैष्णवी गेल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं आणि खुर्चीतच बसून राहिल्या. पाय सुजले होते. निवृत्तीनंतर तू काय करणार, असं नवऱ्यानं कालच विचारलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, झोपणार.

"गोळी न पोचलेलं एखादं गाव आहे का रे जवळपास?"

"सेनगावच्या पलीकडं निघंल. मॅडम, पुन्हा सगळं?"

"फक्त बाया. घरी डबी द्यायची न्हाई, घरी लेकरं असतात. रानात द्यायची, हळद काढताना. मी बांधावर बसेन. तू जीपमध्येच थांबायचं, बाप्या माणूस दिसला की बाया बांधाकडं फिरकायच्या न्हाईत."

"अन् बायांत काहीच न्हाई निघालं तर?"

"तर तसं छापायचं. आधी मी चूक होते असं लिहायचं, मग बाकीचं."

प्रमोदनं टेबल उचललं. एक पाय ढिला होता, तो त्यानं हातानं धरला. राणीताई उठल्या, टेबलाची दुसरी बाजू धरली, आणि दोघं जीपकडं निघाले.