पुराव्याचं ताट

माझ्या पत्रकाचं शीर्षक होतं 'मारेकरी कोण?' आणि उत्तर मी अक्काच्या मळ्यात पाय ठेवण्याआधीच छापून आणलं होतं: फवारा. फवाऱ्यावर माझा राग आजही आहे. भर फुलोऱ्यात विष मारतात आणि मग 'माश्या गेल्या कुठं' म्हणून आभाळाकडे बघतात. पण ही गोष्ट माझ्या मूर्खपणाची आहे, म्हणून नीट सांगते.

अक्का, माझ्या आईची थोरली बहीण, धुळ्याजवळच्या एका गावात मधमाश्यांच्या चौदा पेट्या सांभाळते. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे गोंडे, उमलले की तिच्या पेट्या त्या वावरात जातात. माशी बसली नाही तर बी भरत नाही. जानेवारीत तिच्या एका पेटीत अळ्या काळ्या पडून मेल्या. तिनं मला फोन केला. पोरगी शिकलेली आहे, कुणाला तरी विचारून सांगेल, असं तिला वाटलं. मी कुणालाही विचारलं नाही. धुळ्यातल्या देवपूरहून पत्रकांचा गठ्ठा घेऊन थेट बांधावर गेले आणि शेजारच्या शेतातल्या भाऊंवर तुटून पडले.

"ताई, यंदा निंबोळी अर्काशिवाय मी काही मारलं नाही," ते म्हणाले.

"सगळे मारेकरी असंच म्हणतात!"

"पोरी, आधी पाहू तं दे," अक्का मागून म्हणत होती. पण आमच्या संघटनेच्या शिबिरात शिकवलं होतं, पुरावा लोकांसमोर ठेवा. मी मेलेल्या अळ्यांचं ते पोळं कापून स्टीलच्या ताटात घेतलं, चांगल्या पेट्यांसमोर गाव गोळा केलं आणि भाषण ठोकलं. पोळ्यातला मध ताटभर ओघळला. पेट्यांतून माश्या निघाल्या आणि ताटावर झुंबड उडाली.

"बघा! बहिणींच्या प्रेतांवर त्या शोक करताहेत!" मी ओरडले. एका म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

शोक कसला! फुकटचा मध दिसला, तो लुटून त्या घरी नेत होत्या.

दुसऱ्या दिवशी तेच पोळं डब्यात घालून एसटीनं जामनेरला गेले, पेट्या ठेवणाऱ्या एका नानांकडे. तिथंही ही शोकसभा झाली. जास्तच रंगली.

तीन आठवड्यांनी अक्कानं बोलावलं. आणखी चार पेट्यांत तेच. तिनं काडेपेटीतली काडी मेलेल्या अळीत खुपसली आणि हळूच वर ओढली. चिकट, तपकिरी तार निघाली.

"हाई रोग शे, पोरी. फवारा असता तं मोठ्या माश्या पेटीपुढं ढिगानं पडल्या असत्या. इथं माय जित्ती, पोरं सडेल."

"पण इतक्या पेट्यांत गेला कसा?"

"मधातून जातो. ताट पेट्यांपुढं कोणी ठेवलं?"

डोंगळे उमलायला आठवडा होता. नऊ पेट्या वाचवायच्या तर पाच जाळायलाच हव्या होत्या. कुदळ घेऊन खड्डा खणायला आले ते शेजारचे भाऊ. माझे मारेकरी.

"ताई, खड्डा किती खोल? यावर पत्रक नाही का?"

मी खाली मान घालून माती उपसली. माश्यांना धूर द्यायच्या डब्यात जाळायला म्हणून उरलेली पत्रकं पुढं केली, तर अक्का म्हणाली, "शाईना धूर माशीसले चालस नही. खड्डामा टाक." म्हणजे तेवढ्याही लायकीची नव्हती.

दिवस मावळला, माश्या आत शिरल्या. खड्ड्यात ठेवण्याआधी अक्कानं प्रत्येक पेटीचं झाकण एकदा थोपटलं.

उरलेल्या नऊ पुढं स्वच्छ राहिल्या आणि डोंगळ्यांत गेल्या. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं?

"आता जामनेर," अक्का म्हणाली. "फोन नको. स्वतः जा."

नाना ओट्यावर बसले होते. मला बघून खूश झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारू लागले. "या ताई! आज काय आणलं?"

"आज काही नाही, नाना. मागच्या वेळी रोग आणला होता. तो किती पेट्यांत शिरला, ते बघायला आले."

नाना ओट्यावरून उतरले. मग पेट्या उघडल्या. मी काडी घालत गेले. आठांपैकी दोन पेट्यांत तार निघाली.

"खड्डा तू खणायचा," नाना म्हणाले.

खणला. शेजारीपाजारी भाषणासाठी जमलेलेच होते. ते काठावर बसून आणखी किती खोल हवा ते सांगत राहिले.