रिकामा खडा मिळेना

दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या... आणि आमच्या ओढ्यात जीव उरलाय की नाही, हे मला सांगायचं होतं. मध्य प्रदेशातल्या देवासची गोष्ट, ऐंशीच्या दशकातली.

आमची कॉलनी म्हणजे कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली घरं. मागे शेतं आणि शेतांमधून वाहणारा एक लहानसा ओढा. आमच्या खड्याच्या गौरी, त्यामुळे आई दरवर्षी त्याच ओढ्यातून पाच खडे आणायची.

तेव्हा सोयाबीन आमच्या भागात नवीनच आलं होतं. वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्याने पिकावर औषध मारलं आणि फवारणीचा पंप ओढ्यात धुतला... सकाळी छोटे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. शेजारच्या शेतातले भेरूलाल भिया रोज मला गाठायचे, "बेन, ढोर के पाणी पिलऊँ के नी?" तोवर ते विहिरीचं पाणी ओढून गुरांना पाजत होते.

पिऊ दे म्हणावं आणि एखादी गाय दगावली तर? आणि ओढा मेला म्हणावं तर... तो पंपवाला आधीच म्हणून चुकला होता, "नाळो तो मरी ज गयो, अबे पंप धोवा में कंई बिगड़े?" मेलेल्या पाण्यात काय धुऊ नये, हे कोण कुणाला सांगणार! माझ्या एका शब्दावर ओढा खरोखरच मेला असता.

ओढ्याची तब्येत पाण्याच्या रंगावरून कळत नाही. वाहत्या पाण्यातला दगड उलटून बघावा लागतो. खाली किडे, अळ्या चिकटलेल्या असल्या, तर ओढा श्वास घेतोय असं समजायचं.

मी दगड उलटून उलटून बोटं पांढरी करून घेतली होती. काही नाही... नुसता बुळबुळीत थर. त्या रात्री पाऊस कोसळला आणि मला वेगळीच धास्ती. आता शेतांमधलं उरलंसुरलं औषधही ओढ्यात उतरणार.

गौरी आणायच्या दिवशी आई ताम्हन घेऊन पुढे, मी घंटा वाजवत मागे. खडे आणणारीने घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, ही आमची रीत. आईसारख्या बोलक्या बाईला वर्षातली ही सर्वांत अवघड पूजा!

नेहमीच्या उथळ जागी ती वाकली. एक खडा उचलला, उलटा केला, तोंड वाकडं केलं आणि परत पाण्यात ठेवला. दुसरा... तोही परत. तिसरा, तोही.

खड्यांना औषधाचा वास येतोय का? की तो बुळबुळीत थर अजून तसाच आहे? पुढे जाऊन बघायचं धैर्य होईना, नुसती घंटा बडवत राहिले.

बांधावरून भेरूलाल भिया ओरडले, "माँजी, कंई ढूँढी रिया हो?" आईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते आपोआप खाली बसले. मग ती माझ्याकडे वळली आणि हातातला खडा माझ्या नाकासमोर धरून त्यावर बोट आपटू लागली.

खड्याच्या पोटाला वाळूचे कण चिकटवून केलेली एक नळी होती. तांदळाच्या दाण्याएवढी. मी बघत असतानाच तिच्यातून एक काळं डोकं बाहेर आलं... आणि चटकन आत गेलं.

"आई, जिवंत आहे!" मी किंचाळले. आईने ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. जीव चिकटलेला खडा ती देवघरात न्यायला तयार नव्हती, एवढीच तिची अडचण होती.

त्या शेताच्याही वर चराईचं बीड, म्हणजे गवताळ रान होतं, तिथे कुणी औषध मारत नव्हतं. पावसाच्या लोंढ्याबरोबर हे जीव तिथूनच खाली आले असणार. मी भियांना खडा दाखवला.

"इत्तो सो?" ते म्हणाले.

"हो, एवढासाच. पण औषध असतं तर हाच पहिला मेला असता. गुरांना अजून थोडे दिवस थांबवा, मी पुन्हा दगड बघते. पण ओढ्यात परत कुणी पंप धुतला, तर मग मला विचारूच नका."

भियांनी खडा जपून होता तिथे ठेवला, धोतर खोचलं आणि तडक वरच्या शेताकडे निघाले. थोड्या वेळाने तिकडून, पंप बांधावर धुवायला बजावणारा त्यांचा आवाज आला, "ओ भिया! पंप अब मेड़ पे धोजे, नाळो जिंदो हे!"

पाच रिकामे खडे मिळेपर्यंत मुहूर्त टळायची वेळ आली. घरी गौरी बसल्या, हळदकुंकू वाहिलं आणि आईचं तोंड एकदाचं सुटलं, "मेलं त्या ओढ्यात एक खडा धड रिकामा असेल तर शपथ!"

पुढे पेपरांसाठी मी पाण्यावर खूप लिहिलं. आईच्या त्या एका वाक्याइतका चांगला अहवाल मला काही जमला नाही.

अजूनही कुठल्या ओढ्याशी गेले, की एक खडा उचलते. उलटा करेपर्यंत मनात आई असते... तोंड वाकडं करणारी.