ताईचं घाबरट मूत्रपिंड

आमची ताई लोकांना गाडी चालवायला शिकवते. शेजारी शिकाऊ, पायाशी जादा ब्रेक आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "अहो काका, आरसा भांग पाडायला नाही दिलाय!" असं म्हणून आधी स्वतःच खिदळायची. चौतिसाव्या वर्षी तिचं ब्लडप्रेशर एकशे नव्वदवर गेलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी निकाल देऊन टाकला, शिकाऊ लोकांनीच हिचा जीव खाल्लाय!

दाजी हात धुवून मिठाच्या मागे लागले. बरणी थेट माळ्यावर. त्यांच्या हातची अळणी भाजी बघून ताई विचारायची, "ही गवताची चुलत बहीण का?" तीन तीन गोळ्या चालू होत्या, पण आकडा हलेना. बारीक झाले ते दाजीच.

मग एका नव्या डॉक्टरीणबाईंनी ताईच्या पोटावर स्टेथोस्कोप टेकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"बाळ आहे का?" दाजी पांढरेफटक.

"नाही हो, धमनी. सूं सूं करतेय."

तपासणीत दिसलं, उजव्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झाली होती. बाई म्हणाल्या, "त्याला रक्त कमी पोचतं. त्याला वाटतं, अंगातलं पाणीच आटलं, प्रेशर पडलं! मग ते रक्तातून निरोप धाडतं, रक्तवाहिन्या आवळा, मीठ बाहेर सोडू नका. मीठ राहिलं की पाणी राहतं आणि प्रेशर चढतं. डावं बिचारं मीठ बाहेर टाकायला बघतं, पण त्यालाही तोच निरोप जातो."

ताई पोट धरून हसायला लागली. "म्हणजे बोंब मारणार ते, आणि अळणी खाणार मी?"

जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून, इवलासा फुगा फुगवून धमनी रुंद केली. संध्याकाळी नर्सने प्रेशर मोजलं. पुन्हा मोजलं. यंत्र बदलून मोजलं. एकशे बावीस!

ताईला आभाळ ठेंगणं झालं. "मला नाचायचंय!"

"पाय हलवायचा नाही, रक्त येईल!" नर्स ओरडली.

मग ताईने पडल्या पडल्या हातांनीच ठेका धरला आणि फर्मान सोडलं, "अहो, पाय तुमचे!"

आणि जन्मात कधी न नाचलेले आमचे दाजी फळांची पिशवी सांभाळत वॉर्डाच्या मधोमध नाचले. शेजारच्या खाटेवरच्या आजी चमच्याने पेला वाजवत होत्या. नर्स हसू दाबायला पडद्याआड पळाली.

महिन्याभरात तीन गोळ्यांची एकच उरली. मीठ बेतानंच, पण भाजीला चव आली. नाचाचा व्हिडिओ कुणी बघू नये म्हणून दाजींनी स्वतःच्या फोनमधून पुसून टाकलाय. आमच्या सगळ्यांकडे आहे.