एका मोटरीच्या दोन मोटरी

भूतबित सोडाच, मी कुंडलीच्या कागदावर भजी खाणारा माणूस. सोलापुरात तीस वर्षं हवालदारकी केली, तेव्हा माझा देव एकच — पट्टा. जाड कातड्याचा. दसऱ्याला बंदुका-लाठ्यांसोबत त्यालाही हळदकुंकू. त्याचा आवाज असा, की शेजारच्या ठाण्यातले चोर आपापले गुन्हे कबूल करत... असं मीच सांगत फिरायचो. पुढचं मात्र मीठमिरची न लावता सांगतो.

एका यंत्रमाग कारखान्यातून मागाची विजेची मोटर चोरीला गेली. संशय वॉचमनवर — होटगीचा हणमंत. आणला, पालथा पाडला, तळव्यांवर पट्टा सुरू केला. "म्या न्हाय घेतली ओ मामा," एवढंच म्हणायचा. बाराव्या फटक्याला म्हणाला, "थांबा, सांगतो. आमच्या रानाच्या बांधावरल्या बाभळीखाली पुरलीया."

भर दुपारी खणलं. दोन फुटांवर मोटर! कारखान्याच्या शेठनं दिलेल्या पावतीवरचा नंबर तोच, कडेला गेलेला पोचाही तोच.

आम्ही खूश. हणमंत मात्र खड्ड्यात बघून पांढराफटक पडला. "मामा, मार थांबावा म्हणून म्या मनानंच सांगितलं की. ही कुटनं आली?"

"नाटकं बंद कर," मी म्हणालो.

संध्याकाळी शेठचा फोन. मोटर त्यांच्याच मुलानं वाइंडिंगच्या दुकानात दुरुस्तीला टाकली होती, घरी सांगायचं राहिलं. धावत दुकानात गेलो. तोच नंबर, तोच पोचा. ठाण्यात दोन्ही शेजारी ठेवल्या... जुळी भावंडं.

साहेब म्हणाले, "कबुली हाय, मुद्देमाल हाय. चोर सोडायचा कसा?"

"साहेब, चोरीच झाली नाही."

"मग जमिनीत काय होतं?"

"ते माहीत नाही. मी त्याला किती मारलं ते माहीत आहे. ते डायरीत लिहितो." नोकरी जाईल हे कळत होतं, तरी बोलून गेलो. साहेब म्हणाले, "सोड त्याला."

फाटकापर्यंत हणमंतला मीच धरून नेलं. पाय टेकत नव्हते. तिथं थांबून तो शांतपणे म्हणाला, "मामा, अजून धा फटके दिले असते तर म्या खून बी कबूल केला असता. मग खणल्यावर काय घावलं असतं?"

ती दुसरी मोटर कुठून आली, आजवर कळलेलं नाही. आणि तीस वर्षांत 'सांगितलं तिथंच सापडलं' म्हणून मी ज्यांना ज्यांना आत पाठवलं, त्यांचा माल आधीपासून तिथं होता का... तेही.