पुसली गेलेली पिल्लं

फोटो स्टुडिओत वहिनींचं काम एकच, डाग काढायचे. कुणाच्या गालावरचा वण, कुणाच्या सदऱ्यावरचा चहाचा थेंब, कुणाच्या कपाळावर आलेली बट. मालक बाहेर गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, वहिनी आतल्या खोलीत कॉम्प्युटरला नाक लावून बसतात आणि माणसं आहेत त्याहून बरी करून पाठवतात. "तुमचा फोटो माझ्याकडे आणू नका, भाऊजी," असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलंय. "डाग निघतात. आठ्या निघत नाहीत."

त्यांचा नवरा माझा लहानपणापासूनचा दोस्त. पाठीवर हवेची टाकी लावून तो नांगरलेल्या बोटींचे तळ खरवडतो. लग्नानंतर वहिनी हौस म्हणून त्याच्याबरोबर पाण्यात उतरल्या आणि वर येऊन त्यालाच फैलावर घेतलं. "खाली एवढी वर्दळ आहे, आणि तुम्ही मला बोटीचा तळ काय दाखवताय?" तेव्हापासून सुट्टीचा दिवस पाण्याखाली. मालकाने टाकून दिलेला कॅमेरा त्यांनी दुरुस्त करून घेतला, त्याला पाणी न शिरणारी पेटी मिळवली. त्या पेटीच्या रबरी कड्यात एक केस जरी अडकला तरी कॅमेरा गेला म्हणून समजा. उतरण्याआधी त्या ते कडं बोटाने असं चाचपतात, जसं आई तापल्या पोराचं कपाळ.

खाली कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. समुद्रघोड्याचा स्वभाव असा की कॅमेरा दिसला की तो पाठ फिरवतो, रुसलेल्या आत्यासारखा. दुसरा कुणी त्याला काडीने वळवील. वहिनी तशाच तरंगत राहतात. त्याचा रुसवा जाईपर्यंत.

जुन्या धक्क्याखालच्या खांबांवर हे समुद्रघोडे शेपटीने घट्ट धरून असतात. ते खांब खरवडून त्यांना सिमेंटचा वेढा घालायचं ठरलं. ऐकल्याबरोबर माझं डोकं फिरलं. बंदराच्या कार्यालयात जाऊन मी टेबलावर हात आपटला. हात दुखला, टेबलाला काही झालं नाही. तिथल्या इंजिनीअर बाईंनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"मोठे जीव दुसरीकडे जातात," त्या म्हणाल्या. "इथे वीण होते असं दाखवा. त्या खांबांचं काम हंगाम सरेपर्यंत मागे ठेवते, तसा नियमच आहे. पण पाहिल्याशिवाय नाही."

भाषणं मी रात्रंदिवस देईन, पण पाण्याखालचं मी कुठून दाखवणार? मला पोहताही येत नाही. गेलो वहिनींकडे.

समुद्रघोड्यांत पिल्लं बापाच्या पोटाच्या पिशवीत वाढतात. वहिनींनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आपल्यात तसं असतं ना, तर प्रत्येक घरात एकावरच थांबले असते." तर असाच एक पोट तटतटलेला बाप वहिनींना सापडला. तो अंग आकडी आल्यासारखं वाकवत होता. पाणी गढूळ होतं, फ्लॅश उडाला की तरंगणारा कण न् कण पांढरा चमकत होता. वहिनींनी फोटो काढले, घरी येऊन नेहमीप्रमाणे सगळे पांढरे ठिपके एकेक करून पुसले, साफ झालेला प्रत्येक फोटो मूळ फोटोच्याच जागी ठेवला आणि पुढच्या खेपेसाठी कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं केलं. स्टुडिओत असंच करतात. डाग असलेला फोटो ठेवायचा कुणासाठी?

संध्याकाळी मी बघायला गेलो. काळंभोर पाणी आणि मधे सोनेरी बाप. देखणा फोटो. सासूबाईंनी चष्मा लावला आणि कोपऱ्यात बोट ठेवलं. "हे एक राहिलं बघ तुझं."

वहिनींनी पुसायला म्हणून तो कोपरा मोठा केला.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "कचऱ्याला शेपूट कधीपासून फुटायला लागली?"

शेपूट होती. टोकाला वळलेली. आणि पुढे नळीसारखं इवलंसं तोंड. वहिनींचा हात माउसवरून खाली आला.

"असे किती होते?" मी विचारलं.

"कचरा कुणी मोजतं का, भाऊजी?"

मी भडकलो. जे तोंडात आलं ते बोललो, मग उपायही मीच सांगितला. "पुसायला येतं तसं काढायलाही येतं ना? या एकाच्या नकला करा, बापाभोवती पसरा. होती ती पिल्लं तिथे, खोटं काय त्यात? कोणाला कळणारे?"

"कोणालाच नाही."

"मग?"

"गिऱ्हाइकाला माहीत असतं मी काय केलंय. तेच सांगतं ना करायला. त्या बाईंना माहीत नसेल."

"आणि खांब खरवडले म्हणजे?"

"तर माझ्यामुळे," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यांचे डोळे मात्र भरले होते.

मी दोस्ताकडे पाहिलं. "तू तरी बोल."

"ती नाही म्हणाली की नाही," तो म्हणाला. "ते कपाट भिंतीपासून हलवायचंय असं मी लग्नापासून म्हणतोय."

कार्यालयात इंजिनीअर बाईंनी तो कोपरा बराच वेळ न्याहाळला. "एकच?"

"बाकीची मी पुसली," वहिनी म्हणाल्या. मी डोळे मिटून घेतले. "कचरा वाटली. धंद्याची सवय."

"एक पिल्लू वाहतही आलं असेल. त्यावर मी सही करू शकत नाही." बाई थांबल्या. "खांब खरवडायचं यंत्र यायला अवकाश आहे. पुन्हा उतरा. आमचा पाणबुड्या बरोबर येईल आणि कार्ड थेट माझ्याकडे आणेल." मी तोंड उघडलं. वहिनींनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

वहिनी आणि पाणबुड्या उतरले तेव्हा मी आणि दोस्त होडीत बसून बुडबुडे बघत होतो. खाली काय झालं ते पाणबुड्यानेच नंतर सांगितलं. पहिला बाप रिकाम्या पोटाने निवांत लटकला होता. पुढच्या खांबावर एक भरलेला होता, तो पाठ करून. पाणबुड्याने घड्याळ दाखवलं, वर चला म्हणून खूण केली. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. टाकीतली हवा उतरत चालली तशा त्या श्वास आणखी संथ घेत होत्या. मग तो बाप वळला, वाकला, आणि त्याच्या पोटातून धूर निघावा तसं काहीतरी बाहेर सुटलं.

होडीत चढल्या चढल्या वहिनींनी कॅमेरा पेटीतून काढला. काही फोटो हलले होते, सगळ्यांत ठिपकेच ठिपके. पुसायच्या बटणाकडे अंगठा गेलाच त्यांचा. मधेच थांबला. त्यांनी कार्ड काढून तसंच पाणबुड्याच्या हातावर ठेवलं.

"मी इतकी वर्षं हे खांब तपासतो," तो केस झटकत म्हणाला. "भेगा सोडून दुसरं काही बघितलं नाही कधी."

इंजिनीअर बाई कॉम्प्युटरवर ठिपके मोठे करत गेल्या. "ही वाळू. ही वाळू. ही पण..." पुढच्या ठिपक्याला शेपूट होती, त्याच्या पुढच्यालाही. त्या नुसतं बटण दाबत राहिल्या. मग सही केली आणि लाल दोराचं भेंडोळं वहिनींपुढे ठेवलं. "ज्या खांबांवर समुद्रघोडे पाहिलेत त्यांना बांधा. ते मागे ठेवते. उरलेल्यांचं काम परवा सुरू."

आम्ही होडी धक्क्याखाली घेतली. मी म्हटलं, "सगळ्यांना बांधा. दोर भरपूर आहे."

वहिनींनी जिथे पाहिले होते तेवढ्यांनाच बांधला. गाठ ओढून बघितली. बहुतेक खांब तसेच राहिले.

"आणि हे?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तिथे अजून गेले नाही मी."

"परवा यंत्र येतंय, वहिनी!"

"म्हणजे उद्याचा दिवस आहे." त्यांनी ओल्या हातानेच मालकाला फोन लावला. "उद्या येत नाही मी... नाही हो, चांगली ठणठणीत आहे. काम आहे." फोन ठेवून नवऱ्याला म्हणाल्या, "टाक्या भरून ठेवा. असतील तेवढ्या सगळ्या."

"अगं, आणि माझ्या बोटी?"

"त्या नांगरलेल्याच आहेत ना?" वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या खांबाकडे वाकून पाण्यात बघू लागल्या.