मान न हलवणारा कोंबडा

आर्केसोवर माझा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. मेगाराच्या गडावर निक्सचं, म्हणजे आमच्या रात्रमातेचं ठाणं आहे. तिथली झाडलोट ही आर्केसो करते. नवरा मासेमारीला गेला तो परतलाच नाही, तरी ही बाई कधी रडलेली दिसली नाही. खाणं म्हणजे जवाची भाकरी नि लसूण, आणि तरी अंगानं भरलेली! मग बळीचे कोंबडे जातात कुठं? गल्लीत सगळेच म्हणायचे. मी जरा मोठ्यानं म्हणायचे.

माझा लेक दामोन गलबतावर बायझँटियमला गेला, तो हिवाळा सरला तरी आला नाही. खुद्द देवांचा राजा झ्यूस जिला वचकून असतो त्या रात्रमातेलाच विचारावं, म्हणून काळा कोंबडा घेऊन मी गड चढले. बळी आत देतात, आपण दाराबाहेर थांबायचं. थोड्या वेळानं पुजारी बाहेर येऊन म्हणाला, "येईल पोरगा." मी नाचतच घरी आले.

दोन-चार दिवस जातात न जातात तोच आर्केसोच्या परसात कोंबडा आरवला. जाऊन बघते तर डाव्या पायाचं बोट तुटलेला, माझाच! बळीच गेला नाही तर उत्तर कसलं डोंबलाचं?

"चोरटे! माझ्या लेकाच्या नावाचा कोंबडा गिळायला ठेवलास होय गं?"

"हळू बोल, बाई. त्यानं मान हलवली नाही."

डोक्यावर पाणी शिंपडल्यावर जनावरानं मान हलवली तरच ते राजी, नाहीतर सुरी लावायची नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

"आणि पुजारी?"

"त्याला घाई होती, तसाच बाहेर येऊन 'येईल' म्हणाला. तुझं हरखलेलं तोंड बघून मलाही खरं सांगवेना." तिनं पाण्याची वाटी दाखवली. "रोज शिंपडते. राजी झाला की मीच वर नेईन. मग पुजाऱ्याचा शब्द खरा होईल."

"माझ्यासाठी? तुला काय मिळणार गं त्यात?"

"माझा माणूस गेला, तेव्हा मला 'येईल' म्हणणारं कुणी नव्हतं."

मी वाटी ओढून घेतली, पाणी शिंपडलं. कोंबड्यानं एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. मान ताठच.

"उद्या ये," आर्केसो म्हणाली.

आता रोज जाते, त्याच्यासाठी मूठभर जव घेऊन. ते जव ती घरात तर नेत नाही ना, तेही बघते. खोटं कशाला सांगू? मग वाटीत बोटं बुडवते. हलव रे मान, माझ्या राजा. एकदाच हलव.