नर्सबाईंच्या ट्रंकेतून गेलेला कागद

ती घटना आठवली की आजही माझं डोकं गरगरतं. तीस वर्षांवर नोकरी केली. दरोडे पाहिले, खून पाहिले. पण चोर सापडल्यावर त्याला चोर म्हणावं की काय म्हणावं तेच कळेना, असं प्रकरण हे एकच.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालली होती, तेवढ्यात ठाणे अंमलदाराकडे निनावी फोन आला. "चुडाव्याच्या नर्सबाईला घरात कोंडलंय. मृत्युपत्रावर जबरदस्तीनं सह्या घेतल्यात." एवढं बोलून फोन बंद.

स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि जीप काढली. जाऊन पाहतो तर नर्सबाई अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या! सत्तरीच्या, पण पाठ ताठ. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तरुणपणीच दुसरी केली होती. पंच बसले आणि स्टँपपेपरवर फारकत लिहून झाली. त्यानंतर बाई शिकल्या, सरकारी दवाखान्यात लागल्या आणि पगारातून दोन खोल्यांचं घर बांधलं. दवाखान्यातली जुनी आया वीस वर्षांपासून त्यांच्याकडेच राहत होती. तिला सगळे मावशी म्हणत. ती विधवा, तिलाही मागेपुढे कोणी नाही.

"मला कोन कोंडतंय?" बाई उसळल्या. "मृत्युपत्र मी माझ्या मर्जीनं केलंय, परभणीच्या वकिलाकडं जाऊन. माझ्यामागं हे घर मावशीचं. न्हाईतर माझा भाचा हिला दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काढील. सोमवारी रजिस्ट्री हाय, या तुमी पन!"

मी मूठभर शेंगा खाऊन परत आलो. विषय संपला असं समजलो.

शनिवारी बाई स्वतः ठाण्यात हजर. रजिस्ट्रीचे कागद काढायला ट्रंक उघडली, तर आतून चोरी झालेली. सोनं जागेवर, मृत्युपत्र जागेवर, पासबुकं जागेवर. गेला होता तो फक्त फारकतीचा कागद.

मी चक्रावलो. मृत्युपत्र पळवणारा समजू शकतो. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची फारकत कोणाच्या काय कामाची? पंचनाम्याला गेलो तर कुलूप शाबूत. चावी देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे.

"सोपं हाय साहेब," आमचा हवालदार म्हणाला. "चावी मावशीला ठावं, घर मावशीला मिळायलंय. मावशीलाच उचलू."

"अरे शहाण्या, जिला घर मिळतंय ती मृत्युपत्र तसंच ठेवून फारकत कशाला चोरील?" मी खेकसलो.

आधी पेडगावहून भाच्याला बोलावलं. निनावी फोन त्याच्याच मित्राच्या दुकानातून आलेला निघाला. त्याला चहा पाजला. दम दिलेला माणूस गप्प बसतो, चहा पाजलेला बोलतो, हा माझा अनुभव.

"फोन मीच केला, साहेब. आत्याचं घर परक्याला जायलंय, ते बघवना. पर फारकत मी कशाला नेऊ? ती हाय म्हनून आत्या आमची हाय. ती गेली तर तिचा नवरा उभा ऱ्हाईल की हक्क सांगत!"

हे पटलं. मग बोरीहून नवऱ्याला आणलं. काठी टेकत आला. "मला काय करायचंय तिच्या घराचं? माझ्याकडची फारकत उंदरांनी कवाच खाल्ली." जबाबावर अंगठा उठवला आणि उठता उठता म्हणाला, "बरी हाय का ती?"

"बरी आहे," मी म्हणालो. का कोण जाणे, मला त्या म्हाताऱ्याचा रागच आला.

रविवारी परभणीला वकिलांच्या घरी गेलो, कारण आता माझ्याकडे दुसरा रस्ताच नव्हता. तिथे गाठ सुटली. वकील म्हणाले, "तो कागद कोर्टात टिकणं अवघड आहे हो. पंचांची फारकत म्हणजे कोर्टाचा घटस्फोट नव्हे. समाजात तशी रूढी होती, हे सिद्ध करावं लागतं. बाई कायद्याने कदाचित अजून त्याच्याच बायको असतील! म्हणून तर मृत्युपत्र हवंच. घर स्वकष्टाचं आहे, त्या ते कोणालाही देऊ शकतात."

"हे बाईंना सांगितलंत?"

"धीर झाला नाही. मावशी सोबत आल्या होत्या. बाई झेरॉक्सला गेल्या तेव्हा त्यांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही जपून त्यांच्या कानावर घाला."

तडक चुडावा गाठला. मावशी पीठ मळत होती. मी फक्त तिच्याकडे पाहत राहिलो. तिने हात पुसले, पिठाच्या डब्याखालून कागद काढून माझ्यापुढे धरला आणि रडायला लागली.

"ती हा कागद रजिस्ट्रीत दाखवनार व्हती. तितं चार मान्सांत कुनी म्हनलं असतं, हा कागद खोटा हाय, तू अजून त्याचीच बायको, तर बाई जाग्यावर मेली असती. आख्खा जलम त्या कागदावर मान वर करून जगली ती. मला घर नगं साहेब, मला आत टाका. पर तिला सांगू नका."

सांगायचं काय राहिलं होतं? बाई मागे दारातच उभ्या होत्या.

बाईंनी कागद घेतला, चष्मा लावून पुन्हा एकदा वाचला आणि घडी घातली. "साहेब, मी लय बाळंतपनं केली. किती लेकरं आडरानात, बैलगाडीत जन्मली. कुनाचा दाखला नव्हता न् काही नव्हतं. ती लेकरं खोटी होती का? मीबी तशीच नवऱ्यापासून सुटले." मग मावशीवर उखडल्या, "आन् तू गं? मला न इचारता माझ्या ट्रंकेला हात लावतीस?" त्या दोघींचं जे भांडण जुंपलं, ते पाहून मी आणि हवालदार गुपचूप बाहेर आलो.

फिर्याद बाईंनी मागे घेतली. डायरीत मी लिहिलं, 'कागद घरातच मिळून आला.' कायद्याने बाई कोणाच्या कोण, ते मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. पोलिसाला शिकवतात की ज्याचा फायदा त्याच्यावर संशय घ्यावा. ज्याचा जीव अडकलाय त्याच्यावरही घ्यावा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि ज्याची फारकत झाली आहे, मूलबाळ नाही, त्याने तर मृत्युपत्र धडधाकट असतानाच करावं. नाहीतर तुमचं कोण, हे तुमच्यामागे भलतेच लोक ठरवतात.

सोमवारी मी साध्या कपड्यात रजिस्ट्रीला गेलो. बाईंनी बोलावलंच होतं. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "घर ज्यांना देता, त्या तुमच्या कोण?"

मावशीने मान खाली घातली. बाईंनी तिचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"नात्यातली कुनी न्हाई," त्या म्हणाल्या. "पर हिनं माझ्यासाठी चोरी केलीय. सख्ख्यांनी कवा केली न्हाई."

कारकुनाने दचकून आधी मावशीकडे आणि मग माझ्या पोलिसी मिशीकडे पाहिलं. मी छताचा पंखा बघत उभा राहिलो.